बुंदीचे चार दात

रश्मीचा फोन आला तेव्हा मी केबलवाल्याशी भांडत होतो. दुपारचे चार-सव्वाचार झाले असतील. तो बिचारा आपली बाजू सांगत होता आणि मी त्याला सांगू देत नव्हतो, ही माझी जुनी खोड. फोन वाजतच राहिला तेव्हा सुमननं, माझ्या बायकोनं, तो उचलला आणि माझ्या हातात दिला. "काका, बाबा उठून नाही राहिले," एवढंच रश्मी म्हणाली. चहा घेऊन गेली होती, दोनदा हाक मारली, पाय हलवून पाहिला... पुढचं तिला बोलवेना. रश्मी म्हणजे मनोहरभाऊंची सून. आणि मनोहरभाऊ माझे साडू, सुमनच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही पोचलो तेव्हा ते उजव्या कुशीवर होते, गालाखाली हात, रोज दुपारी झोपायचे तसेच. पलंगाखाली बुंदी बसली होती, त्यांची तीन किलोची पांढरी पॉमेरेनियन कुत्री. एरवी मला पाहून घर डोक्यावर घेणारी ती त्या दिवशी हलली नाही. मी रडलो नाही. डॉक्टरांना यायला उशीर का झाला म्हणून मी नितीनवर, त्यांच्या मुलावर ओरडलो, आणि मांडववाल्यानं खुर्च्या कमी आणल्या म्हणून त्याच्यावर ओरडलो. माणसं मला ओळखतात, कुणी मनावर घेतलं नाही.

याला आता दीड महिना होईल. वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी भाऊंवर दोन शब्द लिहा म्हटलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो. इथं रायपूरला, भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत माझी चाळीस वर्षं गेली. ट्रकवाल्यांशी बोलून बोलून माझा आवाजही बिघडला आणि भाषाही. शोकाची भाषा मला येत नाही. पण मनोहरभाऊंबद्दल एक गोष्ट अशी आहे की ती मी नाही सांगितली तर कुणीच सांगणार नाही, कारण तिच्यात माझाही वाटा आहे आणि तो काही फार शोभेचा नाही.

ते कवळ्या करायचे. पंडरीच्या बाजारात, एका कापडाच्या दुकानाच्या वर, त्यांची डेंटल लॅब होती. लॅब म्हणजे एक खोली, खिडकीशी लाकडी बाक, आणि भिंतभर फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. शहरातले दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप पाठवायचे आणि भाऊ त्यावरून मेणाचे, मग पक्के दात बसवायचे. खाली साड्यांचे भाव, वर शंभर माणसांचे जबडे निमूट बसलेले. प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली नावाची चिठ्ठी. माझ्या लग्नात पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. मी हसलो तेव्हा माझ्या तोंडात डोकावून म्हणाले, "श्रीधरराव, तुम्ही दात खाता झोपेत. रागीट आहा." सुमनचे वडील घाबरले असतील, पण तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. पुढे माझे खालचे सगळे दात गेले आणि ती कवळी त्यांनीच करून दिली. आज मी जे काही चावून खातो ते त्यांच्या हातच्या दातांनी. त्यांचे स्वतःचे मात्र शेवटपर्यंत सगळे शाबूत. त्यावरून मी त्यांना छळायचो, की हलवाई जसा स्वतःची मिठाई खात नाही तसं तुमचं आहे. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण या माणसानं आयुष्यभर दात कोरून पोट भरलं, मुलाला शिकवलं, घर बांधलं.

त्यांचं कुटुंब भोसल्यांच्या काळात नागपूरहून इकडे आलेलं. किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं. घरात बोली वऱ्हाडी, बाहेर हिंदी, आणि पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, म्हाताऱ्यांशी छत्तीसगढी. आमच्या पाऱ्यात कुणाच्याही मुलाचा दुधाचा दात हलू लागला की ते मूल भाऊंकडे आणायचे. विशेषतः खालच्या पुढच्या दातांसाठी. दुधाचा दात पडायच्या आधीच मागून नवा उगवतो, दोन रांगा दिसतात आणि आया घाबरतात. भाऊ मुलाचा ओठ अंगठ्यानं खाली करायचे, पाहायचे, आणि त्यांचं एकच वाक्य ठरलेलं होतं. "हात लावू नका. जीभ ढकलते नव्या दाताले, जुना आपोआप पडते." आणि खरंच पडायचा. दोन-तीन आठवड्यांत ते मूल पडलेला दात मुठीत घेऊन दाखवायला यायचं. त्यांची नात पीहू सात वर्षांची असताना असंच झालं. रश्मी तिला दवाखान्यात न्यायला निघाली होती, भाऊंनी थांबवलं, आणि नवव्या दिवशी पोळी खाताना दात ताटात पडला. त्या दिवसापासून पीहूच्या लेखी दादाजींना जगातल्या सगळ्या दातांचं सगळं कळत होतं. आमच्या सगळ्यांच्याच लेखी कळत होतं म्हणा ना.

बुंदी आली ती पीहूच्या नवव्या वाढदिवसाला. भाऊंच्या बायकोला, कुसुमताईंना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. लॅब बंद केलेली. नितीन नव्या रायपूरला नोकरीला, सकाळी जायचा तो संध्याकाळीच परत. घरात दिवसभर भाऊ आणि रश्मी, आणि दोघंही एकमेकांशी जपून बोलणारे. कुसुमताई असताना सासरा-सुनेचं बोलणं त्यांच्यामार्फत चालायचं. त्या गेल्यावर मधला दुवाच गेला. बुंदीनं ती जागा घेतली असं म्हणायला हरकत नाही. "बुंदीनं खाल्लं का," "बुंदीले बाहेर नेतो," असं करत करत दोघं बोलू लागले. भाऊंनी पन्नास वर्षं माणसांचीच तोंडं पाहिलेली. हे नवीन तोंड मांडीवर घेऊन ते चष्मा कपाळावर सरकवून न्याहाळत बसायचे.

बुंदी सहा-साडेसहा महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. मी संध्याकाळी त्यांच्याकडे बसलो होतो. पीहूनं कुत्रीचा ओठ वर केला आणि म्हणाली, "दादाजी, इसके डबल दाँत हैं." खरंच होते. समोरच्या बारीक दातांच्या कडेला जे सुळे असतात ते चारही जागी जोडीजोडीनं. एक जाड नवा, आणि त्याला खेटून एक सुईसारखा बारीक, दुधाचा. रश्मी दारात उभी होती. ती म्हणाली, बाबा, एकदा जनावरांच्या डॉक्टरले दाखवून आणू का, माझ्या मैत्रिणीच्या कुत्र्याचे असेच होते तर काढावे लागले. भाऊ हसले. त्यांनी बुंदीचं तोंड पुन्हा पाहिलं आणि आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं, जीभ ढकलते म्हणून. रश्मी तरी अडून राहिली. ती हळू आवाजात म्हणाली की पण बाबा, कुत्र्याचं वेगळं असू शकते ना.

इथं मी तोंड उघडलं. मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "रश्मी, पन्नास वर्षं दातांत घालवलेल्या माणसाले तू दात शिकवून राहिली काय?"

भनपुरीत असं बोललं की ट्रकवाले हसायचे आणि कामाला लागायचे. रश्मी हसली नाही. कपबशा उचलून आत गेली. भाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी दुसरा विषय काढला. घरी येताना सुमन म्हणाली की तुम्हाला मधे पडायची काय गरज होती. मी म्हणालो, मी खरं तेच बोललो.

पुढे तीन महिने कुणी बुंदीच्या दातांचं नाव काढलं नाही. रश्मीनं काढणं शक्यच नव्हतं. मी तिचं तोंड बंद केलं होतं. बुंदीनं आधी बिस्किट सोडलं. मग वाटीतला भात एका बाजूनं चाटायला लागली. तोंडाला वास येऊ लागला. भाऊ म्हणायचे की दात बदलताना असं होतंच. एक दिवस तिच्या पाण्याच्या वाटीत लालसर धागा दिसला, आणि त्याच दुपारी जांभई देताना ती कळवळून ओरडली आणि मोरीत जाऊन बसली. भाऊंनीच मला फोन केला. रिक्षात त्यांच्या मांडीवर बुंदी, शेजारी रश्मी, पुढे ड्रायव्हरजवळ मी.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण मुलगी होती, महासमुंदकडची. तिनं बुंदीचं तोंड उघडलं, छोटी बॅटरी लावली आणि भाऊंना जवळ बोलावलं. जन्मभर कवळ्या केलेला माणूस समोर आहे हे तिला ठाऊक नव्हतं, त्यामुळे ती अगदी पहिलीपासून समजावत गेली. लहान जातीच्या कुत्र्यांत हे फार होतं, ती म्हणाली. एवढ्याशा जबड्यात जागा नसते. खालचा नवा सुळा दुधाच्या सुळ्याच्या आतल्या बाजूला उगवतो, आणि दुधाचा हटला नाही तर नव्याला बाहेर सरकायला वाट मिळत नाही. मग तो तसाच आत उभा वाढतो. तिनं बुंदीची टाळू दाखवली. तिथं दोन खड्डे पडले होते, लाल, तांदळाएवढे. तोंड मिटलं की प्रत्येक वेळी खालचे दोन सुळे तिथं टोचत होते. जोडीच्या दातांच्या फटीत अन्न अडकून हिरडी पिकली होती ते वेगळंच. भाऊंनी विचारलं, जीभ नाही ढकलत? ती म्हणाली, "नहीं दादाजी. कुत्ते में इंतज़ार नहीं करते. दोनों दाँत साथ दिखे, तो उसी समय निकलवाना था."

मी मनोहरभाऊंना कुसुमताईंच्या चितेसमोर पाहिलं आहे. तेव्हासुद्धा त्यांचा चेहरा असा झाला नव्हता. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा त्या दोन खड्ड्यांकडे पाहिलं. जनावर तीन महिने रोज आपल्याच दातांनी आपली टाळू टोचून घेत होतं, आणि ते रोज त्यांच्याच मांडीवर बसत होतं. मग ते वळले. दवाखान्यात आणखी तीन-चार माणसं होती, एक गलेलठ्ठ मांजर घेऊन आलेलं जोडपं होतं. त्या सगळ्यांसमोर भाऊ म्हणाले, "रश्मी, तू तेव्हाच म्हणाली होती. मी ऐकलं नाही. माही चूक झाली."

आमच्या घरांत सासरा सुनेला असं म्हणत नाही. मनात असलं तरी म्हणत नाही. फार तर दुसऱ्या दिवशी बाजारातून तिच्या आवडीची भाजी आणतो आणि ओट्यावर ठेवून निघून जातो, आणि तेवढ्यानं समजून घ्यायचं असतं. रश्मीला काय करावं कळेना. ती "नाही बाबा, तसं काही नाही," असं काहीतरी पुटपुटली आणि बुंदीच्या अंगावरून हात फिरवत राहिली. तेव्हा बोलायची पाळी माझी होती. मी म्हणायला हवं होतं की चूक एकट्या भाऊंची नाही. त्यांनी नुसतं थांबा म्हटलं होतं. तिचं तोंड मी बंद केलं होतं, आणि तेही टोमणा मारून. मी भिंतीवरचा जंतांच्या औषधाचा तक्ता वाचत बसलो. आजही मला तो अर्धाअधिक पाठ आहे.

दोन दिवसांनी भूल देऊन दात काढले. आदल्या रात्रीपासून बुंदी उपाशी. भाऊसुद्धा काही खाल्ल्याशिवाय आले होते, ते रश्मीनं मला नंतर सांगितलं. पुढच्या पायाला सुई लावली, बुंदी भाऊंच्या हातावर मान टाकून झोपली, आणि तिला आत नेलं. बाहेर बाकावर आम्ही दोघं. डॉक्टरनं आधीच बजावलं होतं की काम नाजूक आहे, दुधाच्या सुळ्याचं मूळ लांब आणि बारीक असतं, घाई केली तर आत मोडतं, आणि शेजारच्या नव्या दाताला धक्का लागून चालत नाही. भाऊ बसल्या बसल्या दोन बोटं एकमेकांवर घासत होते. लॅबमध्ये मेण मऊ करताना करायचे तसे.

डॉक्टर बाहेर आली ती हातात कापसावर चार दात घेऊन. "सब ठीक है," म्हणाली. भाऊंनी एक उचलून तळहातावर घेतला आणि कितीतरी वेळ पाहत राहिले. वर दिसणारा दात तांदळाएवढा, आणि खाली मूळ त्याच्या दुप्पट, बाकदार, अखंड. ते मला म्हणाले, "श्रीधरराव, जिंदगीभर पोट्ट्यांचे दुधाचे दात पाहिले. एकालेही मूळ नव्हतं." मला कळलं नाही. मग डॉक्टरनं सांगितलं की मुलांच्या दाताचं मूळ आतल्या आत विरघळून जातं, म्हणूनच तो हलतो आणि पडतो. हिचं विरघळलंच नव्हतं. आणखी वर्षभर वाट पाहिली असती तरी हे दात पडणार नव्हते. भाऊ पुन्हा पुन्हा ते मूळ उलटून पाहत होते. पडलेलेच दात पाहत आलो, ते म्हणाले, न पडलेला कधी पाहिलाच नाही. त्यांच्या आवाजात दुःख होतं आणि त्याच्याखाली, मी शपथेवर सांगतो, कारागिराचं कुतूहलही होतं. बहात्तराव्या वर्षी या माणसाला आपल्याच धंद्यातली एक नवी गोष्ट कळली होती.

पण दुधाचे दात काढले म्हणून आत वळलेले नवे दात लगेच बाहेर येत नाहीत. लवकर काढले असते तर बहुतेक आपोआप सरकले असते, आता सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाली. जखम भरल्यावर एक उपाय करून पाहा म्हणाली. योग्य मापाचा रबरी चेंडू खालच्या दोन सुळ्यांच्या मध्ये बसेल असा चावायला द्यायचा, दिवसातून दोन-तीनदा, समोर बसून. चावताना तो सुळ्यांना बाहेर ढकलतो. वय लहान आहे, हाड अजून ऐकेल. मात्र चेंडू लहान असला तर गिळेल, मोठा असला तर उपयोग नाही. एवढं ऐकल्यावर भाऊ जे उठले ते थेट घरी आणि कपाटातून त्यांचं जुनं मापाचं कंपास आणि मेणाची पट्टी घेऊन बसले. दहा दिवस बुंदी मऊ खिचडीवर होती, तेवढ्या काळात त्यांनी पंडरीतली खेळण्यांची सगळी दुकानं पालथी घातली. मी बरोबर होतो. दुकानदार चेंडू दाखवायचा आणि हे कंपास लावून "अर्धा सूत जास्त आहे भैया," म्हणून परत द्यायचे. एकानं विचारलं, कोणता खेळ आहे हो हा? भाऊ म्हणाले, दातांचा. शेवटी एक फिका निळा चेंडू मिळाला, तोही त्यांनी घरी आणून पॉलिशच्या कागदानं घासून मापात आणला आणि डॉक्टरला दाखवून मगच दिला.

पुढचे अडीच-तीन महिने भाऊ, रश्मी आणि बुंदी असा तिघांचा कार्यक्रम चालायचा. सकाळी भाऊ, दुपारी रश्मी, संध्याकाळी दोघं. एक मांडीवर धरायचा, एक चेंडू द्यायचा. दर रविवारी भाऊ मेणावर ठसा घेऊन तारीख घालायचे. उजवा सुळा बाहेर आला, छान आला. डावा मात्र अर्ध्या वाटेवर थांबला तो थांबलाच, आणि शेवटी डॉक्टरला त्याचं टोक थोडं कापून गोल करावं लागलं. बुंदीचं त्यानं काही अडलं नाही, पुढे ती माझ्या चपलाही आवडीनं खायची. पण त्या डाव्या दाताकडे पाहिलं की भाऊ शेवटपर्यंत मान हलवायचे. सासरा-सून मात्र या सगळ्यात मोकळे झाले. मी एकदा गेलो तर दोघं पोटभर भांडत होते, चेंडू कुणी उन्हात ठेवला यावरून. मला फार बरं वाटलं, आणि जरा हेवाही वाटला.

त्यानंतर भाऊंचा एक नवाच उद्योग सुरू झाला. सकाळी कॉलनीच्या बगीच्यात माणसं कुत्री फिरवायला आणतात. हल्ली लहान जातीची फार. त्यात कुणाकडे पिल्लू दिसलं की भाऊ जाऊन उभे राहायचे. नमस्कार करायचे आणि पहिलं वाक्य म्हणायचे, "मैं पचास साल दाँतों के काम में रहा, फिर भी गलती कर बैठा." मग बुंदीची सगळी हकीकत, मग पिल्लाचं वय विचारायचं आणि सहा महिने झाले की तोंड बघा, जोडीचा दात दिसला तर थांबू नका, सरळ डॉक्टरकडे न्या. अनोळखी माणसांना! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा मी तिथंच त्यांना झापलं. म्हटलं, सल्ला द्या ना हवा तर, पण आपली चूक गावभर कशाला सांगत फिरता, हात दाखवून अवलक्षण. ते शांतपणे म्हणाले, "नुसतं 'दात पाहा' म्हटलं तं लोक पुढे चालले जातात. 'मी चुकलो' म्हटलं की थांबतात." मी चिडून घरी निघून आलो. खाई त्याला खवखवे. ते रोज सकाळी आपली चूक सांगायचे आणि माझी तीन-चार वर्षं घशात अडकून होती. त्यांनी कधी चुकूनसुद्धा माझं नाव घेतलं नाही, एकदाही नाही. घेतलं असतं तर मी भांडलो असतो आणि सुटलो असतो.

गेल्या आठवड्यात रश्मीचा फोन आला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बाबांच्या अक्षरात लिहिलंय, म्हणाली, 'कोको, सहा महिने', रविवारच्या तारखेला. कोको नावाच्या पिल्लाच्या बाईंना बाबांनी त्या दिवशी बगीच्यात यायला सांगितलं असणार. त्या येतीन आणि वाट पाहतीन. "तुम्ही पीहूसोबत जाल का काका? माझ्यानं तिथं बोलणं होणार नाही." मी हो म्हणालो. नाही म्हणायला तोंड कुठं होतं.

कोकोवाल्या बाई नव्या रायपूरच्या कुठल्याशा कार्यालयात नोकरीला आहेत. त्यांना भाऊ गेल्याचं ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्या बाकावर बसल्याच. मग पीहूनं पुढे होऊन पिल्लाला घेतलं. बारा वर्षांची आहे आता. तिनं डाव्या हातानं त्याची हनुवटी धरली आणि उजव्या अंगठ्यानं ओठ वर केला. अंगठा वाकवायची रीतसुद्धा भाऊंचीच. मला इशारा केला. वरच्या डाव्या बाजूला दोन सुळे होते, एक जाड, एक सुईसारखा. बाई म्हणाल्या, "गिर जाएगा ना अपने आप? मेरी सास कहती हैं, बच्चों जैसा गिर जाता है."

आता मला ते पहिलं वाक्य म्हणायचं होतं. मी सुरुवात केली, की बघा, आमचे साडू पन्नास वर्षं दातांच्या कामात होते, तरी त्यांची... आणि मी थांबलो. गेलेल्या माणसाची चूक मी कशी सांगणार? त्यांची होती तोवर त्यांनी सांगितली. चार दिवस ज्यांच्या फोटोसमोर मी हात जोडून बसलो, त्यांच्यावर ढकलून मी या बाईंना शहाणपण शिकवू? पीहू माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "गलती मैंने की थी. घर की बहू समय पर बोल रही थी कि डॉक्टर को दिखा दो. मैंने उसका मुँह बंद कर दिया. कुतिया ने तीन महीने भोगा. आप मत रुकिए." बाईंनी लगेच डॉक्टरचा पत्ता मागून घेतला. भाऊ म्हणाले होते ते खरं होतं, माणसं थांबतात आणि ऐकतात.

परतताना बरंच पुढे आल्यावर पीहू म्हणाली, "छोटे दादू, आपने मम्मी को ये बोला है कभी?" मी नाही म्हणालो. घरी पोचलो तर रश्मी दारातच होती, बुंदी तिच्या पायाशी. चपला काढायच्या आधीच मी बोललो, नाहीतर आणखी चार वर्षं गेली असती. म्हटलं, "रश्मी, त्या दिवशी तुले जे बोललो, ते मी चुकीचं बोललो. आणि दवाखान्यात भाऊ एकटे बोलले तेव्हाही मी गप्प बसलो. माफ कर मले."

तिनं पदरानं डोळे टिपले, आणि मग हसली. "बाबा म्हणत होते मले," ती म्हणाली, "कुत्र्याच्या दातासाठी थांबू नोको, पण काकांसाठी थांब. येतीनच ते."

भाऊ गेले त्या दिवशी मी रडलो नव्हतो. त्या दिवशी दारातच, एका हातानं चौकट धरून, लहान पोरासारखा रडलो. बुंदी माझ्या चपलेचा पट्टा ओढत होती. रश्मीनं मला आत नेऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं, भाऊ बसायचे तिथं, आणि चहाचं आधण ठेवलं. पीहूनं कॅलेंडरचं पान उलटलं आणि दादाजींच्या अक्षरावर बोट ठेवून वाचलं.

"छोटे दादू, अगले महीने दो हैं."